सिग्नलला गाडी थरथरते आणि बंद पडते, मग दोष शोधायचा कुठून?

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लिहून देतोय. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे, सांभाळून घ्या.

आमच्या घरी १९९८ ची मारुती ८०० आहे. एमएच-११ पासिंग, कार्बोरेटरवाली, डॅशबोर्डवर ओढायचा चोक. मी पुण्यात कोड लिहितो आणि पप्पा साताऱ्यात ती गाडी जपतात. दर महिन्याला आईला तपासणीसाठी मिरजेला न्यायचं, म्हणजे एका बाजूला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मार्चमध्ये पप्पांचा फोन आला, "अरे, पेठ नाक्याला वळताना बंद पडली. मागनं ट्रकवाला हॉर्न मारतोय आणि ही स्टार्टच होईना." आई शेजारी बसलेली. त्या दिवशी मात्र मला घाम फुटला.

त्याआधी दोन गॅरेज झाली होती. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने कार्बोरेटर खोलून किट टाकलं आणि जाताना स्लो रेसिंगचा स्क्रू पिळून आरपीएम वाढवून दिले. साडेतीन हजार गेले. चार दिवस गाडी बरी चालली, मग पुन्हा तेच. आमच्या धंद्यात याला एरर दाबून टाकणं म्हणतात. बग आहे तिथेच असतो, फक्त दिसायचा बंद होतो.

आता मुळात आयडलिंगलाच गाडी का रडते? ॲक्सिलरेटरवर पाय नसतो तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. इंजिन मिनिटाला साधारण आठ-नऊशे फेरे मारतं आणि स्वतःला फिरवण्यापुरतीच ताकद काढतं. शिल्लक काही नसते. तेव्हा आत जाणारी हवा इतकी कमी असते की कुठून थोडी जास्तीची घुसली तरी मिश्रण बिघडतं. वाटीभर आमटीत चमचाभर मीठ जास्त पडलं तर तोंडात घालवत नाही, लग्नाच्या पातेल्यात तोच चमचा कुणाला कळतही नाही. हायवेला ऐंशीने पळणारी गाडी म्हणजे लग्नाचं पातेलं. म्हणून "पळताना मस्त आहे हो, थांबली की मरते" हे वाक्य ऐकलं की निम्मं निदान तिथेच होतं.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी वही घ्या. कधी बंद पडते? थंड असताना की वीस मिनिटांनी? हेडलाइट लावल्यावर? ब्रेक दाबल्यावर? पावसात? पप्पांना मी आठवडाभर हे लिहायला लावलं. कुरकुरले, पण लिहिलं. त्यातून निघालं ते असं: सकाळी चोक ओढून एकदम छान, चोक आत ढकलला की पाच मिनिटांत थरथर, रेस दिली की थरथर गायब. आणि खाली बारीक अक्षरात, "ब्रेक हल्ली कडक लागतो." ते मी तेव्हा नीट वाचलंच नाही.

शनिवारी मोकळ्या जागेत गाडी लावली. हँडब्रेक, न्यूट्रल, बाह्या वर, हात पंख्याच्या पट्ट्यापासून लांब. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

पहिली परीक्षा चोकची. इंजिन गरम, थरथर चालू, आणि चोक अगदी थोडा ओढला. चोक हवा अडवतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. थरथर कमी झाली तर गाडीला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. आणखी बिघडली तर उलटं, पेट्रोल आधीच जास्त आहे. आमची सुधारली. सकाळी चोकवर ती शहाण्यासारखी का वागायची, तेही समजलं. चोक दोष झाकत होता.

मग प्लग काढून बघितले. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरकं असेल तर मिश्रण पातळ. आमचे तिन्ही पांढुरके. हे महत्त्वाचं, कारण एकच प्लग वेगळा दिसला असता तर दोष त्या एका सिलिंडरचा. ८०० ला तीनच सिलिंडर, एक रुसला तरी अख्खी गाडी हलते. तशा वेळी इंजिन बंद करून संशयित प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावायचा. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर प्लग खराब. नाही सरकलं तर प्लगची वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप, शेवटी कॉम्प्रेशन. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनच्या वायरींकडे लांबून बघा, कधीकधी निळ्या ठिणग्या चक्क दिसतात. चालू इंजिनची प्लग वायर हाताने ओढायचा जुना खेळ मात्र नको. झटका जबर बसतो.

तिन्ही सिलिंडर सारखेच उपाशी, म्हणजे दोष तिघांच्या आधी, सामाईक वाटेवर. तिथे दोनच मुख्य संशयित: कार्बोरेटरचा आयडल जेट चोंदलेला, किंवा कार्बोरेटरच्या पुढे कुठेतरी चोरून हवा घुसतेय. जेट नुकताच साफ झाला होता. मग एकेक रबरी पाइप बोटांनी दाबत गेलो. ब्रेक बूस्टरकडे जाणारा जाड पाइप मॅनिफोल्डच्या टोकाशी दाबला आणि इंजिन एकदम शांत! सोडला की थरथर. खालच्या बाजूला रबर तडकलं होतं, वरून काहीच दिसत नव्हतं.

आणि मग वहीतली ती ओळ आठवली. इंजिन तयार करतं त्याच व्हॅक्यूमवर बूस्टर चालतो. पाइप गळका, म्हणून ब्रेक कडक. दोन तक्रारी, बग एकच. आयडलिंगपेक्षा मला या दुसऱ्या तक्रारीची भीती जास्त वाटली.

पाइप आणि दोन क्लिपा बदलल्या, वाढवलेली स्लो रेसिंग परत खाली आणली. हे विसरू नका हं, आधीच्या मिस्त्रीने केलेला जुगाड काढल्याशिवाय गाडी दुरुस्त झाली असं धरू नका.

आता तुमचा ठरलेला प्रश्न: "हे इथेनॉलमुळे होतं का?" आपला भाग उसाचा, त्यामुळे विषय घरचाच आहे. पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी जुळवलेल्या कार्बोरेटरमध्ये ई२० टाकलं की मिश्रण आपोआप थोडं पातळ होतं. सेन्सरवाली गाडी इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून जुळवून घेते, कार्बोरेटरला तेवढी अक्कल नाही. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, तडकतं, आणि टाकीतली जुनी घाण सुटून फिल्टरमध्ये अडकते. म्हणून माझं मत असं की फक्त इथेनॉलने चांगली गाडी बंद पडत नाही, पण काठावर असलेल्या गाडीला ते ढकलतं. जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप आणि फिल्टर एकदा बदलून घ्याच. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

पाण्यावरून आठवलं. सांगली, मिरज भागात सेकंडहँड गाडी घेत असाल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात ती बुडाली होती का, हे विचारा. टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज, कनेक्टरमध्ये हिरवट थर, आणि मग गाडी मनाला येईल तेव्हा बंद पडते. सीटखालचं कार्पेट उचलून गाळ बघा.

एमपीएफआय गाडी असेल तर चोकची परीक्षा नाही. तिथे आधी थ्रॉटल बॉडीतला काळा थर आणि आयडलची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह साफ करा. ब्लूटूथ स्कॅनर मागवण्याआधी आपल्या गाडीला तो लागतो का बघा, त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना लागतच नाही.

आणि चालत्या गाडीत इंजिन गेलंच, तर ब्रेक पुन्हापुन्हा मारू नका. बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरतंच व्हॅक्यूम उरलेलं असतं. एकदाच दाबून धरा, इंडिकेटर द्या, डावीकडे घ्या. चावी पूर्ण फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.