घोलवड: ‘मधाचे गाव’ही आणि ‘जीआय’चा चिकूही, दोन ओळखींत फरक काय?

बोरिवली-अंधेरीत ‘घोलवडचा’ म्हणून घेतलेला चिकू खरंच घोलवडचा असतो का? पश्चिम रेल्वेवर डहाणू रोडच्या पुढचं स्थानक असलेल्या या गावाला दोन सरकारी ओळखी आहेत. इथल्या चिकूला ‘जीआय’ म्हणजेच भौगोलिक मानांकन आहे आणि गावाची निवड राज्याच्या ‘मधाचे गाव’ योजनेत झाली आहे. दोन्हींचा अर्थ मात्र वेगळा आहे.

‘मधाचे गाव’ म्हणजे काय?

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 16 मे 2022 रोजी देशातलं पहिलं ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची ही योजना पुढे इतर जिल्ह्यांतही गेली. तिच्यात मधपेट्या, प्रशिक्षण आणि पर्यटनाला चालना मिळते. मधमाश्यांमुळे आसपासच्या बागांत परागीभवनही होतं. पण हे बिरुद गावाचं आहे. त्यामुळे बाटलीवरच्या नावाचा कायदेशीर हक्क मिळत नाही.

‘जीआय’ वेगळं कसं?

ते 1999 च्या कायद्यानुसार मिळतं आणि त्याची नोंदणी चेन्नईत होते. मुदत 10 वर्षांची असते, नंतर नूतनीकरण करावं लागतं. ‘डहाणू घोलवड चिकू’ला ते 2016 मध्ये मिळालं. कॅल्शियमयुक्त मातीमुळे येणारी वेगळी चव हे त्यामागचं मुख्य कारण. मानांकनाचं नाव खोटेपणाने वापरल्यास किमान 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो.

मग शेतकऱ्याला फायदा आपोआप मिळतो?

नाही. मानांकन उत्पादक संघाच्या नावावर असतं. प्रत्येक बागायतदाराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती नसेल, तर घोलवडमध्येच पिकलेला चिकूही ‘जीआय’चं चिन्ह लावून विकता येत नाही. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये मानांकन मिळालं. तरीही कर्नाटकचा आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जात असल्याची तक्रार दर हंगामात होतेच.

ग्राहकाने काय पाहावं?

खोक्यावर ‘जीआय’चं चिन्ह आणि उत्पादकाचं नाव आहे का, ते पाहा. सुट्या फळांवर हे सापडणं कठीण. अशा वेळी विक्रेत्याला माल कुठल्या बागेतला, एवढं तरी विचारा.