पट्ट्याने दुरुस्त केलेले वाक्य

पट्टा हे शस्त्र मनगटाच्या लवचीकपणावर चालते, असे मी पूर्वी एका लेखात लिहून बसलो होतो. वयाच्या ५३व्या वर्षी हौस म्हणून कोल्हापुरातल्या एका मर्दानी खेळाच्या पथकात दाखल झालो आणि ते वाक्य चुकीचे ठरले.

वस्तादांनी पहिले काही महिने हातात फक्त लाठी दिली. मग फरी-गदगा. पट्टा मिळायला दुसरे वर्ष उजाडले. त्याला तलवारीसारखी उघडी मूठ नसते. कोपराच्या दिशेने जाणाऱ्या लोखंडी खोळीत हात घालून आतला आडवा दांडा धरायचा. मनगट तिथेच जखडते. साहजिकच वार खांद्यातून आणि कमरेच्या वळणातून येतो, त्यासाठी पाय आधी फिरावा लागतो. पट्टेकरी गिरक्या का घेतो, याचे उत्तर या घडणीत आहे. संग्रहालयातल्या काचेबाहेरून ते मला दिसले नव्हते.

मात्र एक सावधगिरी हवी. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आम्ही लिंबू कापतो. लिंबू उलटा वार करत नाही. शस्त्र शरीरावर कोणती बंधने घालते, एवढेच हा सराव सांगू शकतो. १६५९मध्ये प्रतापगडाखाली नेमके काय घडले, यासाठी कागदपत्रांकडेच जावे लागते.

दुरुस्त केलेला लेख वस्तादांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “सर, लिवलंय बरोबर. पण पाय अजून मागंच राहतोय.”