तिकिटावरचा सव्वा तास

सावंतवाडीला आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला शस्त्रक्रिया ठरली. हे म्हणाले, "रात्रीच्या तुतारीत काही सोय होतेय का पाहू?" मी म्हटले, "बारा तास कोण बसणार? विमानाला सव्वाच तास लागतो!" आणि घाईघाईने 'गोवा' पाहून दुपारी बाराचे तिकीट काढले.

शिवाजी पार्कहून साडेनऊला निघाले ती सावंतवाडीला पोचले चार वाजता. आईला केव्हाच आत नेले होते. तुतारी दादरहूनच सुटते; आमच्या घरापासून पायी जाण्याइतकी जवळ. तिने गेले असते तर दुपारी आईजवळ असते!

चूक सर्वस्वी माझी. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, हे लक्षातच आले नाही. जुना दाबोळीचा, वास्कोजवळ. नवा मोपाचा, पेडणे तालुक्यात, जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला. मुंबईहून हवाई अंतर मोपाचे सुमारे ३९० किलोमीटर, दाबोळीचे ४२५. विमानाला हा फरक तीनेक मिनिटांचा, म्हणून तिकिटावर वेळ जवळजवळ सारखीच दिसते. पण सावंतवाडी मोपाहून पंचवीसेक किलोमीटर, तर दाबोळीहून ऐंशीच्या घरात! मोपाला उतरले असते तर अडीचच्या आत पोचले असते. तिकिटावर तीन अक्षरे असतात ती पाहावीत, बायांनो: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा.

शाळेत मी वेग-अंतर-काळाची गणिते शिकवते. ताशी आठशे किलोमीटर वेगाने चारशे किलोमीटरला अर्धा तास हवा. मग सव्वा तास कसा? तर चढताना-उतरताना विमानाचा वेग कमी असतो. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे उभे राहीपर्यंतची. धावपट्टीपाशी रांगेत थांबणे त्यातच येते. घरून निघणे, तासभर आधी सामान देणे, उतरल्यावर बॅगेची वाट पाहणे, टॅक्सी शोधणे मात्र त्यात नसते. आपण मोजायचे ते घरापासून घरापर्यंत.

मुंबईकरांना तर आता निघतानाही पाहावे लागते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमाने सुटतात, आणि दादरकरांना ते खाडीपलीकडे. जुन्या विमानतळाला मे २०२५ पासून दादरहून थेट भुयारी मेट्रो आहे. हातात सामान बेताचे असेल तर टॅक्सीपेक्षा ती बरी.

आई शुद्धीवर आली तेव्हा तिने विचारले, "केव्हा आलीस गं?" "मघाशीच," मी म्हटले. वहिनी खिडकीकडे बघत राहिली.

दोन महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, आईला दादरला आणले ते मोपाहून. चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवली होती, आणि तीन अक्षरे ह्यांच्याकडूनही वाचून घेतली होती.