पाण्यांत उरलेलें औषध
घेतलेलें सर्वच औषध शरीरांत जिरतें असें नाहीं. कांहीं अंश मलमूत्रावाटे सांडपाण्यांत जातो. वाळूची गाळणी गाळ अडविते. परंतु साखरेप्रमाणें विरघळलेलें औषध तिच्यांतून निसटतें. हैदराबादनजीक पाटणचेरू येथें औषधी कारखान्यांचें सांडपाणी शुद्ध करून सोडीत. त्यांतही लिटरमागें ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. अशा पाण्यांत जंतु औषधास सरावतात. मग रोग्यास तेंच औषध निरुपयोगी ठरतें.

यावर एक उपाय सक्रिय कोळसा. त्याच्या एका ग्रॅमांतील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग १००० चौरस मीटरही भरूं शकतो. त्यास औषधाचे रेणू चिकटून राहतात. स्वित्झर्लंडांत २०१६ पासून निवडक शुद्धीकरण केंद्रांस असे अंश काढणें कायद्यानें बंधनकारक आहे. पण कोळसाही अखेर भरतो व बदलावा लागतो. म्हणून पालकहो, उरलेल्या गोळ्या मोरींत टाकूं नका.