हंडा न घेता पाणी पाहा!

मैत्रिणींनो, पाबळच्या बाईला पाण्याची किंमत सांगायला नको. पावसाळा लागला तरी आपली नजर आभाळाकडेच! म्हणूनच एकदा श्रावणात चार दिवस आंबोलीला जाच. पुण्याहून कोल्हापूर, आजऱ्यामार्गे सुमारे ७०० मीटर उंचीवर पोचलात, की घाटात धबधबेच धबधबे! हिरण्यकेशीचा उगम जवळच. घाट उतरून सावंतवाडीवरून वेंगुर्ल्याला समुद्र भेटतो. पावसाळ्यात तो लांबूनच पाहावा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे घ्या. शेवाळलेल्या खडकांवर मुलांचा हात सोडू नका. स्टोव्ह मात्र घरीच ठेवा हं! नाहीतर सगळ्यांची सहल आणि तुमचा स्वयंपाक. एकदा तरी नुसतं बसून वाहतं पाणी बघा. तेवढा हक्क आपलाही आहे ना?