आधी वर्षं मोजा, मग डॉलर

वर्षभरात एक डॉलरही न कमावलेल्या परदेशी विद्यार्थ्यालासुद्धा अमेरिकेच्या कर खात्याला, म्हणजे आयआरएसला, एक फॉर्म पाठवावा लागतो. हे सांगितलं की समोरचा मुलगा हमखास म्हणतो, "काकू, पण माझं इन्कमच झिरो आहे." असू दे. फॉर्म ८८४३ कमाई विचारतच नाही. कुठल्या व्हिसावर आलास, कुठे शिकतोस, वर्षात किती दिवस या देशात होतास, एवढंच विचारतो. बायको एफ-२ व्हिसावर बरोबर आली असेल तर तिचा फॉर्म वेगळा. पाळण्यातलं बाळ भारतातून आणलं असेल तर त्याचाही वेगळा, बापाच्या सहीने. नुसता हाच फॉर्म असेल तर मुदत १५ जून, पत्ता टेक्सासमधल्या ऑस्टिनचा. न भरल्याचा दंड येत नाही, म्हणूनच तो सगळ्यांचा राहून जातो.

कोल्हापुरात सीएंच्या ऑफिसात मी बरीच वर्षं रिटर्न भरले. आता इलिनॉयमध्ये आयआरएसच्या मोफत करमदतीच्या 'व्हिटा' योजनेत स्वयंसेवक म्हणून बसते. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत टेबलासमोर मुलं येतात ती हातात डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला) आणि तोंडात रूममेटचा सल्ला घेऊन. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, तेव्हा रूममेटच्या सल्ल्याचा पसारा केवढा असेल!

मी त्यांना डब्ल्यू-२ बाजूला ठेवायला लावते आणि आधी पासपोर्ट मागते. इथे पहिला प्रश्न पैशाचा नसतो, तू कर खात्याच्या लेखी 'रहिवासी' की 'अनिवासी', हा असतो. ते ठरतं देशातल्या मुक्कामाचे दिवस मोजून. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाची पहिली पाच कॅलेंडर वर्षं या मोजणीतून वगळलेली असतात, म्हणून तो अनिवासी. यातलं 'कॅलेंडर' महत्त्वाचं. २८ डिसेंबरला विमानातून उतरलात तरी ते अख्खं वर्ष खर्ची पडलं. जे-१ वर आलेल्या संशोधकाला ही सवलत मागच्या सहापैकी दोनच वर्षं मिळते. घर भाड्याने घेतलं, गाडी घेतली, लायसन काढलं, याचा इथे काडीचाही संबंध नाही.

अनिवासी ठरलात की फॉर्म १०४०-एनआर. टीव्हीवर जाहिराती करणाऱ्या टर्बोटॅक्समध्ये तो भरता येत नाही. मुलं तिथे साधा १०४० भरतात, शिक्षणाची २,५०० डॉलरपर्यंतची करसवलत पदरात पाडून घेतात आणि रिफंड आला म्हणून पार्टी करतात. ती सवलत अनिवासींना नाहीच. नंतर सुधारित रिटर्न भरून पैसे परत करावे लागतात, तेही व्याजासह. तुमच्या विद्यापीठाने स्प्रिंटॅक्स किंवा ग्लेशियर या सॉफ्टवेअरची सोय केली असेल तर तेच वापरा.

आता फायद्याचं. भारत-अमेरिका कर करार १९८९ चा. त्याच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला अनिवासी असूनही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. इतर अनिवासींना ते मिळत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या चिनी मुलाला त्याच्या देशाच्या कराराने ५,००० डॉलरची सूट आहे. आपल्याला २०२४ साठी १४,६०० डॉलर. टीचिंग असिस्टंटला वर्षाला २२,००० मिळत असतील तर कर भरायचा उरलेल्या ७,४०० वर, दहा टक्क्यांनी ७४० डॉलर. हे कलम न लावता रिटर्न भरला तर दीड हजाराच्या आसपास जास्त जातात. माझ्या मते भारत सरकारने विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कामांत हे सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी माहीत असलेलं काम आहे.

दुसरी नजर डब्ल्यू-२ च्या चौथ्या आणि सहाव्या रकान्यावर टाकायची. सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के, मेडिकेअर १.४५ टक्के. अनिवासी एफ-१ वाल्याच्या पगारातून हे कापायचंच नसतं, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाशी जोडलेल्या कामाच्या परवानगीवर, नोकरी करत असला तरी. विद्यापीठं सहसा चुकत नाहीत. खासगी कंपन्यांचे पगार विभाग चुकतात, कारण त्यांना आपण सगळे सारखेच दिसतो. महिना ६,००० पगारावर ४५९ डॉलर जातात. आधी कंपनीकडे लेखी मागायचे. तिने नकार दिला तर फॉर्म ८४३ भरून आयआरएसकडे मागायचे. मिळतात, पण वेळ लागतो.

प्राध्यापक आणि संशोधकांसाठी करारात कलम २२ आहे. दोन वर्षांपर्यंतच्या मुक्कामात शिकवण्याचा किंवा संशोधनाचा पगार करमुक्त. ऐकायला गोड, पण गोम अशी की मुक्काम दोन वर्षांपुढे गेला तर आधीची सूटही संपूर्ण रद्द होते आणि मागचा सगळा कर अंगावर येतो. शिवाय ही दोन वर्षं आगमनाच्या तारखेपासून मोजतात, कॅलेंडरने नाही. पोस्टडॉकची मुदतवाढ आली की आनंदाने सही करण्याआधी हे गणित मांडा.

फेडरल झालं की राज्य. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा कर नाही. कॅलिफोर्निया कर घेतं आणि वरचा करार मानत नाही. पगार असेल तर फेडरल रिटर्नची मुदत १५ एप्रिल.

सहाव्या वर्षी मात्र चित्र पालटतं. पीएचडी लांबलेली असते, मुलगा 'रहिवासी' होतो आणि जगभरची कमाई दाखवावी लागते. इथे गावाकडच्या आईवडिलांचा संबंध येतो. सहकारी बँकेतल्या ज्या एफडीवर, ज्या बचत खात्यावर दुसरं नाव मुलाचं आहे, ती खाती आता त्याचीही मानली जातात, पैसे वडिलांचे असले तरी. भारतातल्या अशा सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याला एफबार नावाची वेगळी माहिती द्यावी लागते, आणि संयुक्त खात्याची पूर्ण रक्कम लिहावी लागते, अर्धी नाही. हा कर नव्हे, नुसती माहिती. पण ती न देण्याचा दंड मोठा आहे.

तेव्हा काका-काकू, एवढं करा. मुलाचं नाव असलेल्या प्रत्येक खात्याचा नंबर, बँकेचा पत्ता आणि वर्षातली सर्वांत जास्त शिल्लक एका कागदावर लिहा आणि जानेवारीतच त्याला पाठवा. रुपयांत चालेल, डॉलर तो करून घेईल.