टेस्ट फेल झाली, पण नेमकं चुकलं काय?

सॉफ्टवेअर तपासताना प्रोग्रामर सहसा ठरावीक उदाहरणं देतात. प्रॉपर्टी-बेस्ड टेस्टिंगमध्ये त्याऐवजी नियम लिहितात. उदाहरणार्थ, 'यादी चढत्या क्रमाने लावली, तरी तिच्यातल्या आकड्यांची संख्या बदलू नये.' मग टूल स्वतःच अनेक रँडम याद्या बनवून हा नियम कुठे मोडतो का, ते शोधतं. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली हॅस्केल भाषेसाठी मांडलेल्या 'क्विकचेक'मुळे ही पद्धत रुजली. पायथनसाठी 'हायपोथेसिस' आहे.

अडचण काय?
समजा, ४० आकड्यांच्या यादीवर टेस्ट फेल झाली. आता यातल्या कोणत्या आकड्यामुळे गडबड झाली, हे कसं कळणार?

उपाय: श्रिंकिंग
टूल यादीतले आकडे कमी करतं, लहान करतं आणि प्रत्येक वेळी टेस्ट पुन्हा चालवतं. टेस्ट फेल होत राहील अशी सर्वांत साधी यादी ते शोधतं. समजा, शेवटी उरलं [०, ०]. एकच आकडा दोनदा आलाय! म्हणजे प्रोग्राम क्रम लावताना दुबार आकडे गाळत असणार.

रिपोर्टमध्ये आणखी काय हवं?
• नुसतं 'चूक' नको. '२ आकडे हवे होते, १ मिळाला' असं दिसावं.
• सीड, म्हणजे तोच रँडम डेटा पुन्हा बनवणारा क्रमांक. तो नसेल, तर पुढच्या वेळी टेस्ट पास होऊ शकते आणि बग तसाच राहतो.

सापडलेलं उदाहरण कायमची टेस्ट म्हणून जोडून ठेवावं. तीच चूक परत आली, तर लगेच पकडली जाते.